कळशी, सुई आणि कॅलेंडर

आमच्या चर्चच्या गुरुवारच्या बैठकीत महिन्यातून एकदा प्रवचनाला सुट्टी असते. त्या दिवशी कुणाच्या तरी घरात किंवा गल्लीत खरंच घडलेलं एक प्रकरण घ्यायचं, पहिल्यापासून मांडायचं आणि मग मनसोक्त वाद घालायचा. माझा जन्म बँकेत खातेवह्या लिहिण्यात गेला, म्हणून बैठकीची वही माझ्याकडे. हे टिपण त्या वहीतल्या तुटक नोंदी जोडून केलं आहे. विषय होता, रोजच्या साध्या वागण्यातून आपला विश्वास दिसतो का. बहुतेक जण ‘दिसतो’ हे उत्तर घरूनच घेऊन आले होते. मीसुद्धा.

नावं मुद्दाम गाळली आहेत. एक आमच्या चर्चच्या, ६२ वर्षांच्या, निवृत्त स्टाफ नर्स. सगळा वाडा त्यांना सिस्टर म्हणतो, तेच इथे चालवते. दुसऱ्या काकू, वय ७८, त्याच वाड्यात वरच्या मजल्यावर एकट्या राहतात, मराठी शाळेत शिकवायच्या. मुलगा-सून पुण्याला. लिहून झालेलं दोघींना वाचून दाखवलं. सिस्टरनी दोन दुरुस्त्या सांगितल्या, काकूंनी शुद्धलेखनाच्या सात काढल्या.

वाडा इंदूरच्या रामबागेतला. खाली चौक, चौकात नळ, वर जायला दगडी जिना. सिस्टरचे आजोबा नगरकडचे. (नगरचं आता अहिल्यानगर झालंय, म्हणजे नाव फिरून इंदूरच्याच घरी आलं म्हणायचं.) वडील इथे कापडगिरणीत लागले आणि कुटुंब इथलंच झालं. चर्चमध्ये उपासना हिंदीत, घरात बोलणं मराठीत आणि रविवारी संध्याकाळी पेटीवर कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं, असा त्यांचा त्रिभाषिक नसला तरी दीडभाषिक संसार.

इंदुरात ख्रिस्ती माणूस काही नवा नाही. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ पासून इथे काम केलं, १८८७ मध्ये ख्रिश्चन कॉलेज काढलं. त्यामुळे शेजाऱ्यांना ख्रिस्ती माणूस माहीत असतो तो संस्थेतला: प्राचार्य, डॉक्टर, शाळेतली सिस्टर. जिन्याखाली चपला काढणारा, मोटर बंद करायला विसरणारा, कचरागाडीचं गाणं वाजलं की बादली घेऊन धावणारा ख्रिस्ती माणूस तेवढा ओळखीचा नसतो. हे प्रकरण त्या दुसऱ्या माणसाचं आहे.

कळशी

इंदुरात कुणी ‘नर्मदा आली का?’ असं विचारलं तर त्याचा अर्थ नळाला पाणी आलं का, एवढाच. सत्तरएक किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांनी चढवत नदी शहरात आणली ती १९७८ साली, तेव्हापासूनची ही भाषा. नर्मदा येते एक दिवसाआड. वाड्यात वरच्या टाकीत मोटरने पाणी चढतं, पण काकूंना पिण्याचं पाणी टाकीतलं चालत नाही. थेट नळाचं हवं, तांब्याच्या कळशीतलं. पायऱ्या १९, त्यातल्या दोन वाकड्या.

एप्रिलमधल्या एका पहाटे पावणेसहाला ती कळशी वरून खाली गडगडत आली. सिस्टर दात घासायचा ब्रश तोंडात तसाच धरून बाहेर धावल्या. काकू मधल्या पायरीवर कठडा धरून उभ्या होत्या. पडल्या नव्हत्या. सिस्टरनी त्यांना वर नेऊन बसवलं, कळशीला पोचा पडला होता तो अंगठ्याने चाचपला, कळशी घासली, भरली आणि वर नेली.

“दाराशीच ठेवा,” काकू म्हणाल्या.

त्यानंतर दर नर्मदेच्या दिवशी सिस्टर कळशी भरून वर नेऊ लागल्या आणि दर वेळी ती उंबऱ्याबाहेर थांबू लागली. तीन आठवडे. असं का, हे सिस्टरना कळत होतं. इंदुरात वाढलेल्या कुठल्याही ख्रिस्ती मराठी बाईला ते कळतं. बैठकीत त्या जे बोलल्या ते वहीत जसंच्या तसं आहे: “पस्तीस वर्षं लोकांचे बेडपॅन उचलले तेव्हा कुणी जात विचारली नाही. आता पाणी बाटतं.” आमच्यातल्या कुणीतरी लगेच बायबलमधलं मत्तय १०:४२ काढलं, गार पाण्याच्या एका प्याल्याचंही प्रतिफळ बुडणार नाही ते वचन. सिस्टर म्हणाल्या, “प्याला घेणारा तो हसून घेईल असं कुठे लिहिलंय त्यात?” नाही लिहिलेलं. आम्ही तपासलं.

एका म्हाताऱ्या सभासदांनी तेव्हा रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची आठवण करून दिली. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या काळात नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळं सांभाळून आहे, असंही त्या घराने पाहिलं. ज्यांची भजनं आपण घरोघर गातो त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात पाण्याचा हा प्रश्न सुटायला वर्षं लागली. आपल्याला तीन आठवड्यांत राग येतो.

कळशी उंबऱ्याच्या आत गेली ती कशी, हेही सांगून टाकते, कारण बैठकीत पुढे त्याची ‘हृदयपरिवर्तन’ अशी कथा होऊ लागली होती. मे महिन्यात काकूंची कंबर धरली. वाकता येईना. एका सकाळी आतूनच आवाज आला, “ओट्यावर ठेवा हो, माझ्याच्याने उचलत नाही.” झालं. परिवर्तन झालं असेल तर कमरेत.

सुई

आत जायला लागल्यावर सिस्टरना घर दिसलं. निवृत्त नर्सला घर जसं दिसतं तसं. औषधं कुठे ठेवलीत, चप्पल घसरते का, पायाच्या बोटांना जखम आहे का. काकूंना २० वर्षांपासून मधुमेह, दोन वेळा इन्सुलिन, स्वतःच टोचून घेत. जूनमध्ये उपाशीपोटी साखर २६० यायला लागली. डॉक्टरांनी सकाळचा डोस १६ युनिटचा २० केला, मग २२. साखर जागची हलेना. मुलगा फोनवर ओरडे, “आई, तू गोड खातेस.” काकू म्हणत, “देवाशपथ नाही.” दोघंही आपापल्या परीने खरं बोलत होते.

एके दिवशी सिस्टर फ्रिजमध्ये दही ठेवायला गेल्या. दाराच्या कप्प्यात इन्सुलिनची बाटली होती, लेबलवर ४० युनिट प्रति मिली. वापरलेल्या सुया बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. सिस्टरनी सवयीने झाकण उघडलं आणि त्यांचा हात थांबला. सगळ्या सिरिंजांची टोपी नारिंगी.

ज्यांच्या घरी ही बाटली आहे त्यांनी हे पुढचं जरूर वाचावं. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन साधारणपणे ४० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपीची. नारिंगी टोपीची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. दोघींवर आकडे छापलेले असतात, दोघी दिसायला सारख्या, पण आकड्यामागचं माप वेगळं. नारिंगी सिरिंजमध्ये १६ च्या खुणेपर्यंत ४० वाली बाटली ओढली तर अंगात जातात सहा-साडेसहा युनिट. २२ पर्यंत ओढलं तरी नऊच्या आत. उलटी चूक झाली, म्हणजे १०० वालं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये भरलं, तर अडीचपट डोस जातो आणि माणूस झोपेतच जाऊ शकतो. मुलाने आईच्या काळजीने ऑनलाइन १०० सिरिंजांचा खोका मागवून पाठवला होता. रंग पाहायचा असतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि काकूंना मोतीबिंदूमुळे नारिंगी आणि लाल सारखंच दिसत होतं.

इथे सिस्टरनी जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि बैठकीत नेमकं तेच कुणाच्या लक्षात राहिलं नाही. त्यांनी लाल सिरिंज आणून २२ युनिट टोचून टाकले नाहीत. आधी डॉक्टरांना फोन लावला. कारण २२ हा आकडा चुकीच्या सिरिंजवर वाढत गेलेला होता. बरोबर सिरिंजमध्ये तोच भरला असता तर काकूंची साखर धाडकन उतरली असती. डॉक्टरांनी डोस पुन्हा १६ वर आणला आणि पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ साखर तपासायला सांगितली. सिस्टर तेव्हापासून दोन वेळा वर जाऊ लागल्या. टोचायचं, अर्धा तास थांबायचं, समोर जेवायला बसवायचं, घाम किंवा थरथर दिसली तर साखरेचे तीन चमचे पाण्यात. पोटावर रोज जागा बदलून. फोन, वाट पाहणं आणि रंग पाहणं यात भक्तिभाव काही दिसत नाही, म्हणून चर्चमध्ये आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला उभं राहिल्यावर कुणी ते सांगत नाही.

मुलाला मात्र त्यांनी सिरिंजची गोष्ट सांगितली नाही. त्याला वाईट वाटेल म्हणून. ही त्यांची पहिली चूक, असं त्या आता स्वतः म्हणतात.

कॅलेंडर

साखरेचे आकडे लिहायला मोठे चौकोन हवेत, म्हणून सिस्टरनी घरातलं जास्तीचं कॅलेंडर काकूंच्या स्वयंपाकघरात टांगलं. चर्चचं कॅलेंडर. वर मेंढपाळाचं चित्र, खाली प्रत्येक महिन्याला एक वचन. “मोठे चौकोन म्हणून दिलं, हे अर्धं खरं,” सिस्टर नंतर म्हणाल्या. उरलेलं अर्धं आम्हा सगळ्यांना माहीत होतं, कारण असं अर्धं आम्ही सगळेच करतो.

जुलैत काकूंना ताप आला आणि एका रात्री साखर ३८० च्या वर गेली. डॉक्टरांशी बोलून जे करायचं ते करून झालं. मग सिस्टरनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि मोठ्याने प्रार्थना केली, येशूच्या नावाने. काकूंनी डोळे मिटून हात जोडले. पुढच्या गुरुवारी सिस्टरनी हे सांगितलं तेव्हा खोलीत दोन-चार हालेलूया झाले. मी वहीत लिहिलं: ‘दार उघडतंय.’ ती ओळ अजून तिथे आहे, मी खोडलेली नाही.

गणपतीत काकूंनी मोदकाचं ताट खाली पाठवलं. सिस्टर प्रसाद घेत नाहीत. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आठव्या आणि दहाव्या अध्यायात याचा बराच खल केला आहे. समोर वाढलेलं निमूट खा, चौकशा करत बसू नका. पण ‘हे मूर्तीला दाखवलेलं आहे’ असं कुणी सांगितलं तर सांगणाऱ्याखातर खाऊ नका. मराठी ख्रिस्ती घरांत यावरून दोन तट असतात आणि दोन्ही तटांवर भली माणसं असतात. सिस्टरनी ताट तसंच परत नेऊन दिलं, हळू आवाजात, नमस्कार करून. काकू काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सुई टोचताना त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

दिवाळीला मुलगा आला. स्वयंपाकघरात शिरला आणि कॅलेंडरसमोर उभा राहिला. त्याने ते वचन वाचलं. मग वाड्यात मागच्या बाजूला राहणाऱ्या भाडेकरूंनी त्याच्या कानावर घातलं की संध्याकाळी वर प्रार्थना चालते. भाऊबिजेच्या दुपारी तो खाली आला. आवाज चढवला नाही, हे सिस्टर आवर्जून सांगतात. “सिस्टर, आईचं तुम्ही करता, त्याचे उपकार फिटायचे नाहीत. पण हे बाकीचं काय चाललंय? इथे कायदा आहे, तुम्हाला माहीत असेल.” आणि मग, बहुधा संकोचानेच, “महिन्याला तीन हजार घेत जा. म्हणजे हिशोब सरळ राहील.”

कायद्याच्या शब्दाने सिस्टर घाबरल्या. तीन हजारांनी रडल्या.

कायद्याबद्दल थोडक्यात, कारण बैठकीत त्यावर भलत्यासलत्या गोष्टी बोलल्या गेल्या. मध्य प्रदेशातला धर्मस्वातंत्र्याचा पहिला कायदा १९६८ चा. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा नाही, असं म्हटलं. २०२१ चा नवा कायदा जास्त कडक आहे. बळ, फसवणूक किंवा प्रलोभनाने धर्मांतर घडवलं तर एक ते पाच वर्षं कैद, आणि ती स्त्री, अल्पवयीन किंवा अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल तर दोन ते दहा. प्रलोभनाच्या व्याख्येत पैसे आणि भेटवस्तूंबरोबर दैवी कृपेचं आश्वासनही येतं. सुई टोचणं गुन्हा नाही, प्रार्थना करणंही नाही, आणि काकूंच्या धर्मांतराचा विषय कुणाच्या तोंडून कधी निघाला नव्हता. पण ख्रिस्ती माणसाच्या हातातल्या चहाकडेसुद्धा संशयाने पाहणारे लोक आहेत. ही तक्रार मी इथेच सोडते, कारण तिच्यात शिरलं की स्वतःकडे पाहायचं राहून जातं.

गुरुवार

त्या गुरुवारी बैठक रात्री साडेदहापर्यंत चालली. आमच्यातल्या एका तरुणाचं म्हणणं, घाबरायचं कशाला, दिवा लावून मापाखाली ठेवत नाहीत. तुमची चांगली कामं लोकांना दिसू द्या असं प्रभूच म्हणतो. त्यावर एका शिक्षिकेने येशूच्या त्याच डोंगरावरच्या प्रवचनाचा पुढचा भाग काढला: दानधर्म करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात एक, सहाव्यात दुसरं. डोंगर एक, वक्ता एक. दोन्ही कसं जमवायचं? पाचव्या अध्यायातलं वाक्य जरा शेवटपर्यंत वाचलं तर तिथेही लोक गौरव करतात तो पित्याचा, काम करणाऱ्याचा नाही. पण एवढ्याने त्या दोघांचं भांडण मिटलं नाही.

मग कुणीतरी सिस्टर राणी मारियांचं नाव घेतलं. इंदूरच्या बैठकीत ते निघतंच. उदयनगरच्या आदिवासींमध्ये काम करणाऱ्या या संन्यासिनीला २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला येणाऱ्या बसमधून बाहेर ओढून मारलं गेलं. मारणाऱ्याला राणी मारियांच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन राखी बांधली. २०१७ मध्ये इंदुरातच कॅथलिक चर्चने त्यांना ‘धन्य’ घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. ही गोष्ट ऐकली की खोलीत शांतता पसरते, त्या दिवशीही पसरली. मला मात्र थोडा राग आला. राणी मारियांचा नव्हे, आमचा. एवढ्या थोर गोष्टीच्या आडोशाला बसलं की कॅलेंडरचा प्रश्न क्षुल्लक वाटायला लागतो, आणि आमच्यासमोर प्रश्न तर कॅलेंडरचाच होता.

सिस्टर तोपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मी उद्या जाऊन ते काढून आणते. कायद्यासाठी नाही. मला विचारायचंय त्यांना.”

वरच्या मजल्यावर काय झालं ते मी दोघींकडून वेगवेगळं ऐकलंय. ते जुळतं. सिस्टर स्टूलवर चढून कॅलेंडर काढायला लागल्या तशा काकू चिडल्या.

“ते कशाला काढतेस? दुधाचा हिशोब आहे त्यावर. गॅसचा नंबर आहे.”

“काकू, वर वचन लिहिलंय. दादांना आवडलं नाही.”

“कुठे? वर?” काकूंनी चष्मा पुसला. “ते मला दिसतच नाही. मला वाटलं छापखान्याचा पत्ता असेल.”

चार महिने ते वचन त्या स्वयंपाकघरात टांगलेलं होतं आणि ते वाचणारा पहिला माणूस पुण्याहून आला होता.

सिस्टर स्टूलवरून उतरल्या आणि जे विचारायला आल्या होत्या ते विचारलं. त्या रात्री तापात तुम्ही हात जोडलेत, ते का?

“अगं,” काकू म्हणाल्या, “सुई तुझ्या हातात. मी काय हात सोडून बसणार होते?”

आणि त्या हसल्या. सिस्टर हसल्या नाहीत. त्या खाली आल्या आणि त्यांनी मला फोन केला. म्हणाल्या, वहीत ‘दार उघडतंय’ लिहिलंत ना, त्याखाली हे लिहा.

माझं मत मी बैठकीत मांडलं तेच इथे मांडते. प्रार्थना चूक नव्हती, कॅलेंडरही चूक नव्हतं. पण दोन्ही गोष्टी अशा बाईला दिल्या गेल्या जिला त्या वेळी ‘नको’ म्हणायची सोयच नव्हती. सकाळ-संध्याकाळ ज्या हातावर तुमचा जीव आहे त्या हाताने काहीही पुढे केलं तरी तुम्ही ते घेता. सिस्टर मोदकांना ‘नको’ म्हणू शकल्या, कारण त्या काकूंवर अवलंबून नव्हत्या. उलट बाजूने ते शक्य नव्हतं. आमच्या तरुण मित्राला हे मान्य नाही. तो म्हणतो, आजारी माणसांना प्रभूने बरं केलं तेव्हा तीही अवलंबूनच होती. यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. एवढंच आठवतं की यरीहोच्या वाटेवरच्या त्या आंधळ्याला प्रभूने आधी विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? समोर आंधळा उभा असताना विचारलं.

क्लिक

सिस्टरनी पुढे केलं ते तीन फोनांत बसतं. मुलाला सिरिंजची हकिकत सांगितली, नारिंगी-लाल व्हिडिओ कॉलवर समोरासमोर धरून. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे मीच…” सिस्टर म्हणाल्या, “खोक्यावर बारीक अक्षरात असतं, दादा. माझ्यासमोर शिकलेल्या नर्सही चुकल्यात.” दुसरा फोन डॉक्टरांना: काकूंना पेन देता येईल का? इन्सुलिनच्या पेनला प्रत्येक युनिटला एक ‘टक’ आवाज येतो, आकडाही खिडकीत दिसतो. तिसरा फोन पुन्हा मुलाला, की पेनला १०० युनिटचं काडतूस लागतं, म्हणून घरातल्या जुन्या सिरिंजा आज सगळ्या फेकायच्या, एकही ठेवायची नाही. पैशांचं काय, त्याने विचारलं. “साखर तपासायच्या पट्ट्या आणि सुया तुम्ही पाठवा,” सिस्टर म्हणाल्या, “माझं नंतर बघू.”

पंधरा दिवस काकू पेन धरत आणि सिस्टर शेजारी बसत. आधी दोन युनिट हवेत उडवायचे, थेंब दिसला की मग डोस. मोठं भिंग मुलाने पाठवलं. काकू मोठ्याने मोजत, पाढे म्हणवून घेतल्यासारख्या: एक, दोन, तीन. मोजणं आणि खिडकीतला आकडा जुळला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. सोळाव्या दिवशी त्या म्हणाल्या, “आता तू आली नाहीस तरी चालेल.” हे वाक्य सिस्टरनी बैठकीत सांगितलं तेव्हा एकही हालेलूया झाला नाही.

पण त्या जातातच वर. आता संध्याकाळी, चहाला. ‘माझं नंतर बघू’ हेही काकूंनीच बघितलं. सिस्टरची नात तिसरीत आहे. शाळा इंग्रजी, गल्ली हिंदी, त्यामुळे ती ‘बाळ’चं ‘बाल’ करते आणि ‘पाणी’चं ‘पानी’. काकूंना ते सहन होईना. रोज अर्धा तास तिला वर पाठव, असं त्यांनी फर्मावलं. आणि पहिल्याच दिवशी विचारलं, “पाठांतराला श्लोक घेतले तर चालतील ना तुला? जीभ चांगली वळते. नसतील चालत तर वर्तमानपत्र घेते.”

सिस्टरनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “वर्तमानपत्र घ्या.”

“बरं,” काकू म्हणाल्या आणि पेपर उघडला. तोंड भिंतीकडे वळवलं नाही.

यावरही बैठकीत वाद झाला. श्लोकांनी काय बिघडलं असतं, असं काहींचं म्हणणं. असेलही. मला त्या दोन वाक्यांतला काकूंचा प्रश्न जास्त लक्षात राहिला आहे, कारण कॅलेंडर टांगताना आमच्यापैकी कुणाला तो सुचला नव्हता.

मुलाचा संशय गेला का, असं सगळे विचारतात. पूर्ण गेलेला नाही. फोनवर तो अजून ‘सिस्टर, बाकी काही नाही ना?’ असं कधीकधी विचारतो. मागचे भाडेकरू जिन्यात बोलत नाहीत. कॅलेंडर डिसेंबरअखेरपर्यंत तिथेच होतं, दुधाच्या हिशोबासाठी. जानेवारीत काकूंनी स्वतःचं कालनिर्णय आणलं. सिस्टरनी नवं दिलं नाही, काकूंनी मागितलं नाही.

यंदाच्या गणेश चतुर्थीला काकूंनी नातीच्या हातून डबा खाली पाठवला. पाठोपाठ जिन्यावरून त्यांचा आवाज आला, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असा: “ते पाच वेगळे केलेत गं, नैवेद्याला दाखवलेले नाहीत!” सिस्टरनी तिथेच ओट्याशी उभं राहून एक खाल्ला. दुसरा नातीने. डबा अजून सिस्टरकडेच आहे. रिकामा तर परत द्यायचा नाही, आणि साखर असलेलं काकूंना चालत नाही. आत काय घालून पाठवावं यावर मागच्या गुरुवारी आमचा पाऊण तास गेला.